सूर्यावरचे डाग वाढले म्हणून उन्हाळा कडक? सौरचक्र आणि रोजचा उकाडा

गच्चीवेध :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं ते आज लिहून काढतो. ऊन तापायला लागलं की एक मेसेज हमखास फिरतो, "सूर्यावरचे डाग प्रचंड वाढलेत, सौरचक्र शिगेला पोचलंय, त्यामुळे यंदा पारा विक्रमी चढणार, काळजी घ्या". काळजी घ्याच, त्यात वाद नाही, पण दिलेलं कारण चुकीचं आहे आणि मला ते मनापासून खटकतं, कारण मी डाग नेमाने बघतो, त्यांची चित्रं काढतो आणि इतक्या सुंदर गोष्टीच्या माथी उकाड्याचं खापर फोडलेलं बघवत नाही.

आधी चक्राबद्दल थोडं. डागांची संख्या साधारण ११ वर्षांत वाढत जाते आणि परत उतरते. हे पहिल्यांदा लक्षात आलं जर्मनीतल्या देसाऊच्या हाइनरिश श्वाबेला, माणूस औषधविक्रेता, आणि शोधत होता भलतंच, बुधाच्याही आत एखादा ग्रह फिरतोय का ते. तो ग्रह सूर्यासमोरून जाताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल म्हणून १८२६ पासून हवा मोकळी असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्य बघायचा आणि डागांशी घोटाळा नको म्हणून डागही टिपून ठेवायचा. ग्रह काही सापडला नाही पण एवढ्या वर्षांच्या वह्यांतून डागांची चढउतार समोर आली आणि ती त्याने १८४४ मध्ये छापली. नंतर स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फने जुन्या नोंदी धुंडाळून मोजणीची रीत बसवली आणि १७५५ च्या सुमारास सुरू झालेल्या चक्राला १ नंबर दिला. त्या हिशोबाने आत्ताचं चक्र २५ वं. ते डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये डागांचा सरासरी आकडा १६१ च्या आसपास जाऊन टेकला, आधीचं २४ वं तर ११६ वरच थांबलं होतं, म्हणजे यावेळी सूर्य जास्त जागा होता हे खरंच आहे.

आता मुद्द्याचं. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर पत्र्यावर साधारण १३६१ वॅट इतकी ऊर्जा पडते. चक्राच्या तळापासून शिगेपर्यंत यात फरक पडतो जेमतेम ०.१ टक्का, म्हणजे एक वॅट किंवा थोडा जास्त. आणि आता हे बघा, पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटीवर, त्यामुळे पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हात दरवर्षी जवळपास ७ टक्क्यांचा फरक पडतो. सत्तर पट मोठा फरक, दरवर्षी, न चुकता! आणि तरी जास्त ऊन मिळतं त्या जानेवारीत उत्तर गोलार्धात थंडी असते, इतकंच काय सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैमध्येच जास्त भरतं, कारण उत्तरेला जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. सात टक्क्यांचा फरक जिथे जमीन-पाण्याच्या मांडणीपुढे झाकला जातो तिथे ०.१ टक्का तुमच्या माझ्या दुपारी कसा जाणवणार?

तुमच्या शंका, माहिती, विरोध सगळं येऊ द्या.

सांजसावली :
छान धागा. एक बेसिक शंका. डाग काळे दिसतात म्हणजे ते गार असतात ना? मग डाग वाढले की सूर्याची उष्णता कमी व्हायला हवी. मेसेजवाले तर उलटंच सांगतात.

गच्चीवेध :
सांजसावली, अगदी नेमका प्रश्न विचारलात. डाग गार असतात हे बरोबर, म्हणजे सूर्याच्या मानाने गार. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा आणि डागाचा मधला काळा भाग साधारण साडेतीन-चार हजारांचा. तिथे चुंबकीय क्षेत्र इतकं दाट असतं की खालून उकळून वर येणारा गरम वायू अडतो. हे चुंबकत्व १९०८ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सनवर जॉर्ज हेलने दाखवून दिलं. एखादा मोठा समूह समोर आला की सूर्य काही दिवस खरंच मंदावतो, ऑक्टोबर २००३ मध्ये तर ०.३ टक्क्यांपर्यंत उजेड उतरला होता.

पण डागांच्या आजूबाजूला पांढुरके झगझगीत पट्टे असतात, त्यांना फॅक्युली म्हणतात, ते डागांपेक्षा जास्त जागा व्यापतात आणि जास्त दिवस टिकतात. वर्षभराची बेरीज केली की डागांनी खाल्लेला उजेड ते भरून काढतात आणि वर थोडा जास्तच देतात. म्हणून शिगेच्या काळात सूर्य किंचित उजळ असतो.

हे स्वतः बघण्यासारखं आहे. छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची, कागद आयपीसपासून (डोळा लावायच्या भिंगापासून) थोडा लांब, आणि दुर्बिणीच्या नळीभोवती पुठ्ठ्याची चकती अडकवायची म्हणजे कागदावर सावली पडते आणि प्रतिमा उठून दिसते. डोळा मात्र दुर्बिणीला अजिबात लावायचा नाही, कुणी लहान मूल आसपास असेल तर हात धरून ठेवायचं, दृष्टी कायमची जाऊ शकते. फोकस नीट जमला की डागाचा काळा गाभा आणि त्याभोवतीची राखाडी किनार वेगवेगळी दिसते, त्या किनारीत बारीक रेघा आतून बाहेर गेलेल्या असतात. मधोमध बघाल तर फॅक्युली दिसणार नाहीत, त्या चकतीच्या कडेला शोधा, तिथे सूर्य जरा काळपट असतो म्हणून उठून दिसतात, एखादा डाग कडेशी आला की त्याला लागूनच पांढरट जाळी दिसेल. पेन्सिलीने गोल करून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघा, डाग सरकलेला असतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेला जायला त्याला साधारण १३ दिवस लागतात.

शंकेखोर :
मला हा ०.१ टक्का वाला मुद्दा पटत नाही. थोडं थोडं का होईना पण वर्षानुवर्षं साठत गेलं तर? समुद्र उष्णता साठवतो असं आपणच म्हणतो ना. आणि १३६१ मधला १ वॅट हा काही कमी नाही हो, अख्ख्या पृथ्वीवर गुणा की मग केवढी ऊर्जा होते बघा.

आकडेमोड :
शंकेखोर, गुणाकार करूच, पण पूर्ण करू. पृथ्वी गोल आहे, अर्धी कायम अंधारात, उरलेल्या अर्ध्यावरही ऊन बहुतेक ठिकाणी तिरपं, त्यामुळे सरासरी काढताना त्या एका वॅटचे चार भाग करायचे, राहिला पाव वॅट. त्यातला ३० टक्के ढग, बर्फ, वाळू परत आकाशात फेकून देतात. हातात उरतं साधारण ०.१८ वॅट प्रति चौरस मीटर. आता याच मापात माणसाने हवेत सोडलेल्या वायूंचा वगैरे सगळा मिळून परिणाम २०१९ पर्यंत साधारण २.७ वॅट होता. एक पंधरा पट मोठा.

आणि साठण्याचं म्हणाल तर चक्र वर जातं तसं खालीही येतं. पाच-सहा वर्षं थोडं जास्त, पुढची पाच-सहा वर्षं थोडं कमी, समुद्र हळू तापतो त्यामुळे त्याला पूर्ण प्रतिसाद द्यायला वेळच मिळत नाही. सगळ्या जगाच्या सरासरी तापमानात चक्रामुळे पडणारा फरक ०.१ अंशाच्या आसपास निघतो, तोही एल निनो (पॅसिफिक महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा जास्त तापतं ते) आणि ज्वालामुखींचा परिणाम बाजूला काढला तरच दिसतो. १९९१ चा पिनाटुबो ज्वालामुखी घ्या, त्याने पुढच्या वर्ष-दीड वर्षात जगाची सरासरी साधारण अर्ध्या अंशाने खाली आणली होती.

अजून एक. २५ वं चक्र सुरू व्हायच्या वेळी म्हणजे डिसेंबर २०१९ ला सूर्य अगदी तळाला होता, आठवडेच्या आठवडे सूर्याचा चेहरा कोरा. आणि लगेचचं २०२० हे वर्ष नासाच्या नोंदीत २०१६ च्या बरोबरीने तोपर्यंतचं सगळ्यात गरम वर्ष ठरलं. मेसेजमधला नियम खरा असता तर हे कसं झालं असतं?

रानवाट :
आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची की दर दहा-बारा वर्षांनी एक कोरडं वर्ष येतंच. ती काही वेधशाळेत गेलेली नव्हती, पण आयुष्यभर आभाळाकडे बघत शेती केलेली. त्यांच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य असणार असं मला वाटतं. उन्हाळ्याचं सोडा, पावसाचं काय? डागांचा आणि दुष्काळाचा संबंध नक्की नाहीच का?

जुनीपानं :
रानवाट, तुमचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी फार मोठ्या लोकांनी फार गंभीरपणे विचारला होता, आणि तो इतिहास मला इतका जवळचा वाटतो की जरा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

त्याच्याही आधी, १८०१ मध्ये, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलने लंडनच्या रॉयल सोसायटीत असं मांडलं की डाग कमी असतात त्या काळात इंग्लंडमध्ये गहू महाग होतो. तापमानाच्या पुरेशा नोंदी त्याच्याकडे नव्हत्या म्हणून त्याने अॅडम स्मिथच्या पुस्तकातला गव्हाच्या भावांचा तक्ता घेतला. कल्पना भन्नाट होती, पण अलीकडे २०१३ मध्ये आधुनिक सांख्यिकीने तपासल्यावर तो संबंध टिकला नाही.

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मद्रास इलाखा आणि दख्खनमध्ये लाखो माणसं मेली. त्याच सुमाराला, १८७७ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आणि भारतातले ब्रिटिश अधिकारी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर या दोघांनी डाग आणि दुष्काळ यांचं नातं आहे असा लेख लिहिला, डाग कमी की मद्रासचा पाऊस कमी. तेव्हा सूर्य खरंच तळाकडे चालला होता त्यामुळे लोकांना ते पटलंही. सूर्य समजला तर पाऊस समजेल आणि पाऊस समजला तर माणसं वाचतील, ही त्यामागची धडपड होती, आणि त्याच धडपडीतून कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली, स्थापना १८९९. तिथे १९०४ पासून सूर्याचे रोजचे फोटो घेतले गेले, सुरुवातीला काचेच्या प्लेटांवर, आणि ती मालिका आज जगातल्या सगळ्यात लांब मालिकांपैकी एक आहे. डागांच्या कडेला वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे जॉन एव्हर्शेडने १९०९ मध्ये तिथेच शोधलं. पावसाचं भाकीत मिळालं नाही, पण सूर्याबद्दल जे मिळालं ते अजून वापरात आहे.

पावसाच्या बाजूने ते काम पुढे नेलं गिल्बर्ट वॉकरने. तो १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचा प्रमुख, मूळचा गणिती. त्याने डागांचे आकडे आणि पाऊस, तापमान, हवेचा दाब हे सगळं एकमेकांशी ताडून बघितलं आणि संबंध इतका कमजोर निघाला की भाकितासाठी त्याचा उपयोग नाही. पण त्याच आकडेमोडीच्या वाटेवर त्याला पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरच्या दाबाचा झोका सापडला, ज्याला आपण आज एल निनोबरोबर जोडून बघतो. कोरड्या वर्षांची मोठी गुरुकिल्ली तिथे होती. उदाहरणार्थ, २००२ मध्ये देशाचा मोसमी पाऊस १९ टक्के कमी पडला, तेव्हा सूर्य शिगेजवळ होता. २००९ मध्ये २२ टक्के कमी, तेव्हा सूर्य अगदी तळाला. १९१८ चा भीषण दुष्काळ घ्या, शिग होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिन्ही वेळा एल निनो मात्र होता. तुमच्या जुन्या माणसांनी कोरडी वर्षं नीटच लक्षात ठेवली असणार, फक्त त्यांचं कारण सूर्यावर नव्हतं, समुद्रात होतं.

आकडेमोड :
जुनीपानं, फार छान लिहिलंत. याच काळातलं एक उदाहरण जोडतो, कारण आकड्यांशी खेळणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं असं मला वाटतं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची पाणीपातळी साधारण १८९६ पासून १९२२ पर्यंत डागांच्या आकड्यांबरोबर अगदी हातात हात घालून चढली-उतरली. दोन पूर्ण चक्रं. आलेख बघितला तर कुणीही म्हणेल की सिद्ध झालं. आणि त्यानंतर ते जुळणं मोडलं, पुढे १९६१ नंतरच्या जोरदार पावसाने तर पातळी अशी काही उसळली की डागांशी तिचा काही मेळच राहिला नाही.

यातली अडचण अशी की ११ वर्षांच्या चक्रात चाळीस वर्षांची नोंद म्हणजे चाळीस वेगवेगळे पुरावे नसतात, साडेतीन-चारच असतात. चार चढउतार दुसऱ्या कशाच्याही चार चढउतारांशी योगायोगाने जुळू शकतात.

नवखा :
मी तर याच्या अगदी उलट वाचलंय की सूर्य आता झोपणार आहे आणि २०३० नंतर छोटं हिमयुग येणार, माउंडर मिनिमम का काहीतरी. मग उन्हाळे गार होतील का?

जुनीपानं :
नवखा, माउंडर मिनिमम खरं आहे. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत डाग फारच तुरळक दिसले. दुर्बिणी होत्या, बघणारे होते, डागच नव्हते. ही गोष्ट एडवर्ड आणि अॅनी माउंडर या नवराबायकोच्या कामामुळे नीट पुढे आली म्हणून त्यांचं नाव. आणि त्या काळात युरोपात थंडी होती हेही खरं. पण ती थंडी माउंडर काळाच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेली होती, त्यात मोठमोठ्या ज्वालामुखींचा वाटा होता, आणि ती सलग नव्हती.

इंग्लंडच्या मध्य भागाच्या तापमानाची मालिका १६५९ पासून आहे, जगातली सगळ्यात लांब. तिच्यातला सगळ्यात थंड हिवाळा १६८३-८४ चा, बरोबर माउंडर काळातला. मग दोनच वर्षांनी, १६८५-८६ चा हिवाळा अख्ख्या मालिकेतल्या सगळ्यात उबदार हिवाळ्यांपैकी एक! सूर्य तोच, डाग तितकेच कमी, आणि हवा दोन टोकांना. मला वाटतं स्थानिक हवामान आणि सूर्य यांच्या नात्याबद्दल यापेक्षा जास्त बोलकं उदाहरण सापडणार नाही.

१८१६ चं "उन्हाळा नसलेलं वर्ष" पण लोक यात ओढतात कारण तेव्हाही डाग कमी होते, डाल्टन मिनिमम चालू होतं. पण त्याचं मुख्य कारण एप्रिल १८१५ मध्ये फुटलेला इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी.

राहता राहिलं पुढचं. उद्या खरंच तसा झोपाळू सूर्य परत आला तरी शतकाच्या अखेरीस जगाचं तापमान त्यामुळे फार तर ०.३ अंशांनी कमी राहील असा हिशोब २०१० मध्ये मांडला गेलाय. आणि २५ व्या चक्राने तर झोपेची चिन्हं दाखवलेलीच नाहीत, अंदाज ११५ चा होता, आलं १६१.

मृद्गंध :
सगळं वाचून काढलं. सूर्यावरून आता जरा जमिनीवर येऊया, कारण मी हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्यातली आहे आणि धाग्याच्या नावात "रोजचा उकाडा" पण आहे, त्याचं काय?

निरभ्र दुपारी डोक्यावर ऊन असताना जमिनीच्या एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. जाड ढग आला की तेच शे-दोनशेवर येतात. म्हणजे एक ढग दोन मिनिटांत जेवढा फरक करतो तेवढा फरक सौरचक्र ११ वर्षांत करू शकत नाही, जवळपासही जात नाही. तुमचा आजचा पारा ठरतो तो आधी ढगांवर.

मग जमिनीतली ओल. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख ज्यूल लागतात. जमीन ओली असेल, झाडं असतील तर उन्हातली बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात जाते, घाम वाळताना अंग गार पडतं तसं. जमीन कोरडी ठक्क झाली की तीच ऊर्जा सरळ हवा तापवण्यात जाते. म्हणून आधीचा पावसाळा कमी झाला असेल तर पुढचा उन्हाळा जास्त भाजतो, आणि एखादी सर येऊन गेली की पुढचे एक-दोन दिवस दुपारचा पारा उतरतो, हवा दमट झाल्याने घाम मात्र वाळत नाही आणि उकडतं जास्त.

तिसरं म्हणजे वरून खाली बसणारी हवा. जास्त दाबाचा पट्टा एखाद्या भागावर ठाण मांडून बसला की हवा वरून खाली येते आणि खाली येताना दाबली जाऊन किलोमीटरमागे जवळजवळ १० अंशांनी तापते, ढग होऊच देत नाही, वारा पडलेला, ऊन दिवसभर. कॅनडातल्या लिटनला २९ जून २०२१ ला ४९.६ अंश झाले ते अशाच पट्ट्याखाली, आणि मॉस्कोला जुलै २०१० मध्ये पारा ३८ च्या वर गेला तोही तसाच. दोन्ही वेळा सूर्य तळातून नुकता वर यायला लागला होता, डाग थोडेच.

वारा कुठून येतोय हेही बघा, समुद्रावरून की तापलेल्या जमिनीवरून, त्यात एकाच दिवसात पाच-सात अंश इकडेतिकडे होऊ शकतात. आणि शहरातल्या रात्री! सिमेंट आणि डांबर दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात, पहाटेचं तापमान खाली येतच नाही, मला उन्हाळ्यातला सगळ्यात घातक भाग हाच वाटतो कारण शरीराला विसावा मिळत नाही. जगाचं तापमान सूर्यामुळे वाढत असतं तर दिवस जास्त तापायला हवे होते, पण जगात बहुतेक जमिनीवर गेल्या काही दशकांत रात्रीचं तापमान दिवसापेक्षा जास्त वाढलंय, आणि हवेचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, उलट गार होत गेलंय. सूर्य प्रखर झाला असता तर तेही तापलं असतं.

जाता जाता, "आमच्या गाडीत ४६ दाखवलं" हे तापमान नाही हो. गाडीचा सेन्सर रस्त्याची आणि इंजिनची धग धरतो. खरं तापमान सावलीत, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, वारा खेळत असताना मोजतात. आणि फोनवरचा आकडा बऱ्याचदा आसपासच्या मोठ्या चौकोनाचा संगणकाने काढलेला अंदाज असतो.

सांजसावली :
मृद्गंध ताई, रात्रीचा मुद्दा माहीतच नव्हता, थँक्स. अजून एक, ते सौरज्वाळा वगैरे होतात त्या दिवशी ऊन जास्त लागतं का?

गच्चीवेध :
नाही लागत. सौरज्वाळेत मुख्यतः क्ष-किरण आणि अतिनील किरण वाढतात आणि ते जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर आणि त्याहून वरच अडतात, रेडिओवर परिणाम होतो, हवेच्या तापमानावर नाही. २८ ऑक्टोबर २००३ ची ज्वाळा फार मोठी होती, तिने सूर्याच्या एकूण उजेडात घातलेली भर ०.०३ टक्क्यांहूनही कमी होती.

पण म्हणून चक्राचा पृथ्वीवर काहीच परिणाम नाही असं कुणी समजू नका. परिणाम आहे, जागा वेगळी आहे. एकूण उजेड ०.१ टक्का बदलतो, पण त्यातले अतिनील किरण काही टक्क्यांनी बदलतात आणि अगदी टोकाचे अतिनील तर दुप्पट-तिप्पट होतात. त्यामुळे वरचं विरळ वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना घर्षण वाढतं. अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये अपेक्षेआधी पडली ती यामुळेच, सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापट निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका साध्याशा भूचुंबकीय वादळात नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गेले. आणि १० मे २०२४ च्या रात्रीचं वादळ, लडाखच्या हानलेमधून आकाश लाल झालेलं टिपलं गेलं! इतक्या दक्षिणेला ध्रुवीय प्रकाश. भर मे महिन्यात हे झालं म्हणून लगेच उकाड्याशी जोडणारे मेसेजही आले.

अतिनीलचा अजून एक धागा आहे, स्थितांबरातल्या ओझोनमार्फत. तळाच्या वर्षांत उत्तर युरोपात हिवाळे थोडे जास्त थंड असण्याकडे कल दिसतो असं काही अभ्यास सांगतात, वाऱ्यांचा मार्ग किंचित बदलत असावा. यावर काम चालू आहे आणि मला ते फार रंजक वाटतं. पण तो कल आहे, तोही हिवाळ्याचा आणि एका भागाचा, त्यावरून उद्याच्या दुपारचा पारा निघत नाही.

शंकेखोर :
ठीक, पाव वॅटचा हिशोब मी स्वतः करून बघितला, बरोबर येतोय. रात्री जास्त तापतायत हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. मेसेज पुढे ढकलणं मी तरी थांबवतो.

रानवाट :
मला आता स्वतः करून बघायचंय. आमच्या जवळच्या केंद्राचे मे महिन्याचे कमाल तापमानाचे जुने आकडे माझ्याकडे आहेत, बऱ्याच वर्षांचे. डागांचे आकडे कुठे मिळतील आणि जोडायचे कसे?

आकडेमोड :
रानवाट, जरूर करा. डागांचे अधिकृत आकडे ब्रसेल्सच्या रॉयल ऑब्झर्वेटरीकडे मिळतात, १९८१ पर्यंत हे काम झुरिकला चालायचं. महिन्याचे आकडे १७४९ पासून आहेत, फुकट उतरवून घेता येतात.

दोन गोष्टी सांभाळा. जुलै २०१५ मध्ये ही सगळी मालिका नव्याने बसवली, आधी झुरिकच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या आकड्यांना ०.६ ने गुणायचे ते बंद केलं, त्यामुळे नवे आकडे मोठे दिसतात. जुन्या पुस्तकातला आकडा आणि नवा आकडा एकाच रकान्यात टाकलात तर सूर्य अचानक भडकल्यासारखा दिसेल. सगळे आकडे नव्या मालिकेतूनच घ्या.

दुसरं, तापमानात जी सावकाश वाढ झालीय ती आधी सरळ रेघेने काढून टाका, आणि मग एका अक्षावर त्या मे महिन्याचा डागांचा आकडा, दुसऱ्यावर उरलेलं तापमान असे ठिपके मांडा, दोन रेघा एकाखाली एक काढू नका, डोळा फसतो. जमलं तर तिसरा रकाना मे मधल्या ढगाळ दिवसांचा ठेवा आणि तोही तसाच मांडून बघा. केंद्राची जागा मधल्या काळात हलली असेल तर ते वर्ष लिहून ठेवा, त्याआधीचे आणि नंतरचे ठिपके वेगळ्या रंगात. आलेख इथेच टाका, मृद्गंध ताई आणि मी दोघं बघतो.